सेंटरिंगवरचं कॅथेड्रल

मिलिंद, तू गेलास त्या आठवड्यात घरात माणसांची रीघ लागली होती, आणि मी प्रत्येकाला दारातच सांगत होते, जरा हळू चाला. लोकांना वाटलं असेल, दुःखानं बाईचं डोकं फिरलंय. कोणी वजनदार माणूस हॉलमधून गेला की माझं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नसायचं, आतल्या खोलीच्या दाराकडे असायचं. तुझ्या ऑफिसमधले सगळे एकदम आले, बसले, उठताना एकाचा गुडघा सोफ्यावर जोरात आपटला, आणि मी त्यांच्यादेखत उठून आत गेले.  मी रडायला गेले असं त्यांना वाटलं. मी तुझे दगड बघायला गेले होते.

दगड जागच्या जागी होते. ते तुझ्याशिवायही जागच्या जागी होते याचा मला थोडा रागच आला.

तुला हे वेड लागलं कसं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. दिवसभर अबू धाबीत काँक्रीटचे टॉवर कॉम्प्युटरवर उभे करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर माणूस, घरी येऊन चुनखडीच्या दगडाचे तुकडे घासत बसायचा. मुसाफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या दगडकटाईच्या कारखान्यांतून तू त्यांचे फेकून द्यायचे तुकडे गोळा करून आणायचास, गाडीची डिकी पांढरी करायचास. सुरुवातीला मला वाटलं बागेत काहीतरी करणार. मग तू टेबलावर नकाशा पसरलास आणि म्हणालास, फ्रान्समधल्या बोव्हे गावचं मध्ययुगीन कॅथेड्रल आहे, त्याचा जेवढा भाग उभा आहे त्यातला एक तुकडा करणार. या टेबलाएवढा. खऱ्या दगडाचा. आणि गोंदाचा एक थेंबही न लावता.

गोंद लाव, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. आपलं भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे.

तू म्हणायचास, गोंद लावला तर ते शोपीस होईल. खरं कॅथेड्रल गोंदावर उभं नसतं. वरचं दगडी छत सतत भिंतींना बाहेर ढकलत असतं, भिंती पडायला बघत असतात, आणि बाहेरून तिरक्या कमानी त्यांना आत दाबून धरतात. सगळं एकमेकांच्या जोरावर. मी म्हणायचे, म्हणजे सगळं कायम पडायच्या बेतात. तू म्हणायचास, बरोबर, अगदी बरोबर, आणि खूश व्हायचास. मला त्यात खूश होण्यासारखं काय आहे ते कधी दिसलं नाही. मी क्लिनिकच्या फार्मसीत काम करते, गोळीची मात्रा दोनदा तपासते, घरी येऊन गॅसचं बटण तीनदा. पडायच्या बेतात असलेल्या गोष्टी मला पुरेशा आहेत.

सेंटरिंग हा शब्द मला माहीत होता, पुण्यात आपल्या बिल्डिंगचा स्लॅब टाकला तेव्हापासून. ओला स्लॅब घट्ट होईपर्यंत खालून फळ्या आणि बांबू लावतात ते. दगडी छतालाही तसंच लागतं, हे तू शिकवलंस. आधी लाकडाच्या कमानी उभ्या करायच्या, त्यावर दगड मांडत जायचे, अगदी वरचा शेवटचा दगड बसला की खालच्या पाचरी हळूहळू सैल करायच्या. लाकूड खाली उतरतं, आणि तेव्हा कळतं छत राहतंय की येतंय. तोपर्यंत ते छत नसतं, लाकडावर मांडलेले दगड असतात. हे वाक्य तू इतक्यांदा म्हटलंस की आपल्या लेकीनं, सईनं, एकदा तुझी नक्कल करून दाखवली होती.

आणि त्या दगडांपायी मोहम्मद बिन झायद सिटीमधल्या या व्हिलाच्या अर्ध्या मजल्यावर काय काय कायदे झाले. वॉशिंग मशीनच्या पायांखाली मी रबराचे तुकडे घातले. सईची दोरीवरची उडी बंद. दार आपटलं की दंड, आणि तो दंड म्हणजे भांडी. गणपतीत आरतीला झांजा नाहीत, फक्त टाळ्या, त्याही बेतानं. मंडळाच्या बायका हसायच्या, म्हणायच्या, तुमचा बाप्पा काय आजारी आहे का? दुबईच्या मीना बाजारातून मी मलमल आणली, धूळ बसू नये म्हणून झाकायला. म्हणजे बघ, मी तुझ्याशी भांडत होते आणि तुझ्या दगडांना पांघरूणही घालत होते. काळजी करायची तर ती नीट करावी असा माझा स्वभाव आहे, त्याला तू काय, मी तरी काय करणार.

बोव्हेला नेलंस ते तर मी जन्मात विसरणार नाही. आपल्या ओळखीतली सगळी कुटुंबं पॅरिस बघून आली. आपणही गेलो, आणि तू आम्हाला आगगाडीत बसवून एका गावी नेलंस, जिथे बघायला एक अर्धं चर्च होतं. खरंच अर्धं. बाहेरून बघितलं तेव्हा मान दुखली एवढं उंच. आत गेलो तर मधोमध लाकडाचे आणि लोखंडाचे भलेमोठे टेकू लावलेले. मी विचारलं, दुरुस्ती चालू आहे का? तू म्हणालास, नाही, ते असेच असतात आता.

मी सईचा हात धरून बाहेर आले. तू आतच राहिलास. बाहेर बाकावर बसून मी तुझी वाट बघत होते आणि वर बघत नव्हते. तू आलास तो बोलतच आलास. तिथल्या त्या काळच्या बिशपला आपलं चर्च सगळ्यांत उंच हवं होतं. अर्धा भाग बांधला, छत चढवलं, आणि काही वर्षांतच ते खाली आलं. मग त्यांनी काय केलं असेल? उंची कमी नाही केली. दोन खांबांच्या मध्ये आणखी एकेक खांब घातला आणि तेवढ्याच उंचीवर पुन्हा छत चढवलं. पुढे कोणाच्या तरी डोक्यात आलं म्हणून त्यावर प्रचंड मनोरा बांधला, तोही पडला, माणसं नुकतीच बाहेर पडली होती म्हणून वाचली. लोक बसतात तो लांबट भाग बांधायचा राहूनच गेला, म्हणून त्या जागी होतं ते जुनं बुटकं चर्च अजून तसंच समोर उभं आहे. आपल्या काळात कोणा शहाण्यानं कमानींमधल्या लोखंडी पट्ट्या दिसायला वाईट म्हणून काढल्या, तर वाऱ्यानं कमानी हलायला लागल्या, धावत जाऊन परत बसवल्या. आणि महायुद्धात आजूबाजूचं गाव जळालं तेव्हा हे उभंच.

मी म्हटलं, हे जगातलं महत्त्वाचं कॅथेड्रल? पडकं, अर्धं, कुबड्या लावलेलं?

तू बाकावर माझ्याशेजारी बसलास. म्हणालास, इतर सगळी कॅथेड्रल सांगतात काय करता येतं. हे एकटं सांगतं, कुठे थांबायला हवं होतं. त्या लोकांकडे गणित नव्हतं. आधीचं जे उभं राहिलं त्याहून थोडं उंच, थोडं बारीक, असं करत करत ते शंभर-दीडशे वर्षं वर चढत गेले, प्रत्येक चर्च म्हणजे पुढच्यासाठी केलेला प्रयोग. ते चढणं इथे येऊन थांबलं. तुझ्या मते इमारतींचा सगळा इतिहास त्या एका छताखाली उभं राहून वाचता येत होता.

मी विचारलं, छत पडलं तेव्हा खाली कोण होतं?

तुला माहीत नव्हतं. तू म्हणालास, नोंद नाही. मी म्हटलं, नोंद नाही म्हणजे कोणी नव्हतं असं होत नाही. बिशपचं नाव आहे, उंची मीटरमध्ये आहे, आणि खाली झाडू मारत असलेल्या बाईचं काय?  मग सईला भूक लागली आणि आपण सँडविच शोधायला गेलो. तो प्रश्न तिथेच राहिला. नंतर अनेकदा तू विषय काढलास, काही सापडतंय का बघतोय म्हणालास, आणि काही सापडलं नाही हेही सांगत राहिलास. माझा प्रश्न तू हसण्यावारी नेला नाहीस, हे तुझं मला फार आवडलं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं, आता सांगते.

या वर्षी थंडी संपता संपता तू शेवटचा दगड बसवलास. आम्हाला दोघींना बोलावून दाखवलास. दगडी छत पूर्ण झालं होतं, खाली लाकूड, बाहेर तिरक्या कमानी, सगळं पांढरं आणि माझ्या बांगडीलाही घाबरावं इतकं नाजूक. मी म्हटलं, आता राहू दे असंच. तू म्हणालास, छे, पुढच्या शनिवारी सेंटरिंग काढायचं. पुढच्या शनिवारी साइटवर काम निघालं. त्याच्या पुढच्या वेळी पाहुणे. मग रमझान आला, मग उन्हाळा, मग तुझं प्रोजेक्ट. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. तुला काय, तू बिनधास्त माणूस, आज नाही तर उद्या काढशील, तुला घाई नाही, असं मी धरून चालले होते. आणि मग तूच गेलास, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीची किल्ली हातात असताना. ते मी इथे लिहिणार नाही.

हे घर कंपनीचं. महिनाअखेर सोडायचं आहे. मी माझ्या क्लिनिकजवळ एक बेडरूमचा फ्लॅट बघितलाय, सईची शाळा तीच राहील, व्हिसाचंही मार्गी लागतंय, म्हणजे तशी माणसं सांगताहेत आणि मी दर दोन दिवसांनी पुन्हा विचारते आहे. सगळ्याला मार्ग निघाला, तुझ्या कॅथेड्रलला निघेना. ते उचलता येत नाही. टेबल एक बोट जरी तिरपं झालं तरी खलास.

इक्बालनं उपाय काढला. तुझा इक्बाल, खेडचा, तुझ्याच शेजारच्या डेस्कवरचा. तो म्हणाला, सांध्यांत पातळ इपॉक्सी सोडू, सगळं एकजीव होईल, काचेच्या पेटीत घालून ऑफिसच्या लॉबीत ठेवू, खाली मिलिंदचं नाव. मॅनेजमेंट तयार आहे. मी लगेच हो म्हटलं. इतकी वर्षं मी तेच तर म्हणत होते.

हो म्हटलं आणि झोप उडाली. म्हणजे जिंकले होते मी. तुझ्याशी वाद घालायला तू नव्हतास, गोंद येणार होता, दगड वाचणार होते. पण लॉबीत येणारा-जाणारा त्याला कॅथेड्रल म्हणेल आणि ते खोटं असेल, हे मला कळत होतं. ते छत कधी छत झालंच नव्हतं. लाकडावर मांडलेले दगड कायमचे चिकटवून आपण त्याला तुझं नाव देणार. आणि पाचरी काढाव्यात तर? राहिलं तरी चार दिवसांनी हातानंच उतरवावं लागणार, कारण न चिकटवता ते नेता येत नाही. आणि पडलं तर तुझ्या एवढ्या वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी माझ्या हातानं जमिनीवर. चिकटवलं तर खोटं, न चिकटवलं तर जाणार. मी हा हिशेब क्लिनिकमध्ये गोळ्या देताना करायचे, बकाल्यात, कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध घेताना करायचे. सई म्हणाली, ‘‘मम्मा, इट्स नॉट अलाइव्ह. जस्ट डिसाइड.’’ पोरगी तुझ्यावर गेली आहे, तिला ठरवणं सोपं वाटतं.

इक्बाल इपॉक्सीचे डबे घेऊन आला त्या संध्याकाळी मी चहा केला आणि त्याला विचारलं. मिलिंदला काय आवडलं असतं, असं नाही विचारलं, ते मला माहीत होतं. मी विचारलं, मिलिंदनं इतके महिने सेंटरिंग का काढलं नाही? त्याला तर खात्री होती ना?

इक्बालनं कप खाली ठेवला. म्हणाला, ‘‘वहिनी, खोटं कशाला बोलू. तो डरायचा. रोज लंच टाइमला विचारायचा, इक्बाल, या वीकेंडला काढू का? मी बोलायचो, काढ ना यार, टेन्शन काय आहे. तो बोलायचा, नेक्स्ट वीक, इन्शाल्ला.’’

मग त्यानं सांगितलं की एकदा तू एका बाजूच्या पाचरी थोड्या सैल करूनही बघितल्या होत्यास. आम्ही दोघी बाहेर गेलो असताना. वरच्या दोन दगडांत फट पडली, आणि तू पाचरी परत ठोकून बसवल्यास. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तू जेवणाचा डबा उघडलाच नाहीस म्हणे. इक्बाल तुला म्हणाला, वहिनींना सांग, दोघं मिळून ठरवा. त्यावर तू काय म्हणालास ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं. ‘‘आमच्या घरात काळजीचं खातं वृषालीकडे आहे. मी पण घाबरायला लागलो तर सरकार पडेल.’’

इक्बाल हसला, मीही हसले. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मिलिंद, अठरा वर्षं मी तुला बिनधास्त समजत होते. बोव्हेच्या त्या टेकूंखाली तू एकटा उभा होतास तेव्हाही तू घाबरला होतास का? सईच्या वेळी मला आत नेलं तेव्हा तू बाहेर शेंगदाणे खात बसला होतास, ते मी सगळ्यांना हसून सांगत आले. तेव्हाही? मी मागे जाऊन एकेक आठवण उलटून बघत होते, आणि कुठल्याच आठवणीत मला आता तुझा चेहरा नीट दिसेना.

बाहेर येऊन मी इक्बालला म्हटलं, डबे घेऊन जा. मी काढते सेंटरिंग.

तो घाबरला. सई सुद्धा घाबरली, जी कधी घाबरत नाही. पण मला एकदम एक साधी गोष्ट कळली होती. तुझ्या हातून ते झालं नाही, कारण तुला भीती वाटली की तू थांबायचास. तुला सवयच नव्हती. मला रोज सकाळी उठल्यापासून भीती वाटते, आणि तरी मी गाडी चालवते, लहान मुलांच्या औषधांची मात्रा मोजते, पोरीला शाळेच्या ट्रिपला पाठवते. घाबरत घाबरत काम करणं हे एकच काम मला तुझ्यापेक्षा चांगलं येतं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं त्या खोलीत गेलो. मी एसी बंद केला, वॉशिंग मशीनचा प्लग काढला, वरच्या मजल्यावरच्या बाईंना फोन करून तासभर मुलांना बाहेर न्यायची विनंती केली. मलमल सईनं उचलली. इक्बालनं सांगितलं, एक पाचर पूर्ण काढायची नाही, सगळ्या जराजरा, फिरून फिरून. म्हणाला, ‘‘वहिनी, यल्ला, बिस्मिल्ला करा.’’ मी गणपतीचं नाव घेतलं.

पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत दगड करकरले. तो आवाज मी आयुष्यभर कशाकशात ऐकत आले होते, जिन्यात, विमानात, तुझ्या छातीला कान लावून. माझ्या हनुवटीवरून घाम पाचरीवर पडत होता. तिसऱ्या फेरीत मधल्या कमानीचा एक दगड लाकडाबरोबर खाली सरकला, वर फट पडली, बारीक पांढरी भुकटी माझ्या मनगटावर आली. इक्बाल म्हणाला, थांबा, परत ठोका. तू इथेच थांबला होतास. सईनं माझा खांदा धरला. मी म्हटलं, मला वाटतंय हे पडणार, आणि पुढची पाचर सैल केली.

तो दगड तिथेच थांबला. फट राहिली, पण वाढली नाही. इक्बालनं श्वास सोडला, म्हणाला, कमान बसते आहे वहिनी, बसताना थोडी उघडते. सई जमिनीवर आडवी झाली आणि तिनं मोबाइलचा टॉर्च खालून लावला. लाकूड आणि दगड यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ दिसत होती, केसाएवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाकूड कशालाच टेकलेलं नव्हतं. छत आपापलं उभं होतं.

 इक्बाल भिंतीला टेकून बसला आणि त्यानं डोळे पुसले. येत्या आठवड्यात आम्ही लाकूड पुन्हा वर चढवून एकेक दगड उतरवणार आहोत, खोक्यांत भरणार आहोत, आणि ते खोके कुठे ठेवायचे याची काळजी मी आजपासूनच करते आहे. पण तुला हे कळायला हवं की ते राहिलं. तुझं गणित बरोबर होतं. माझा गोंद लागला नाही. हा वाद तू जिंकलास, मिलिंद, आणि तसं मला तुझ्या तोंडावर कबूल करता येत नाही.

सई अजून जमिनीवरच पडून होती, वर बघत. तिनं विचारलं, बाबा खरंच घाबरायचा? मी म्हटलं, हो, खूप. ती चक्क मराठीत म्हणाली, मग त्यानं तुला का नाही सांगितलं?

 तुलाच विचारते. का नाही सांगितलंस? मी तुझ्यावर हसले नसते, तुला धीर द्यायलाही आले नसते, तो माझ्याकडे नव्हताच. फक्त तुझ्या शेजारी त्या टेबलाजवळ येऊन उभी राहिले असते, आणि आपण दोघं मिळून घाबरलो असतो.